नाव झाकलं तरी माणूस ओळखू यावा : वृद्धांची काळजी योजना कशी लिहायची

गोव्यातल्या वृद्धाश्रमात किंवा घरपोच सेवेत नव्याने रुजू झालात की पहिल्याच आठवड्यात एक फाईल हातात पडते. आत लिहिलेलं असतं : 'स्नानास मदत करणे. मधुमेहाचा आहार. पडण्याचा धोका. वृत्ती धार्मिक.' फाईलवरचं नाव अंगठ्याने झाका आणि पुन्हा वाचा. हे शेजारच्या खाटेवरच्या आजींनाही जसंच्या तसं लागू पडतंय? मग ती काळजी योजना नव्हे, भरलेला फॉर्म आहे.

दुसरी कसोटी रात्रपाळीची. त्या व्यक्तीला कधीही न पाहिलेली मुलगी रात्री आठला कामावर आली आणि तिने फक्त तो कागद वाचला, तर आजींना हाक कशी मारायची, दिवा ठेवायचा की मालवायचा, संडासला नेताना कोणत्या हाताला धरायचं, हे तिला कळलं पाहिजे. खालची सगळी खटपट या दोन कसोट्यांसाठी आहे.

पहिले ४८ तास : एक पान पुरे

माणूस दाखल होतो त्या दिवशी तो थकलेला असतो, बुजलेला असतो, आणि नातेवाइकांना परतीची घाई असते. त्या दिवशी पूर्ण योजना लिहायला बसू नका. एका पानाची तात्पुरती योजना करा. त्यात एवढं हवंच : कोणत्या नावाने हाक मारायची, औषधं (डबी, पाकीट, चिठ्ठी तिन्ही ताडून), कशाची ॲलर्जी, गेल्या सहा महिन्यांत पडले होते का, खाता-पिताना ठसका लागतो का, लघवी-शौचाची सवय, विशेषतः रात्रीची, चष्मा, कवळी, श्रवणयंत्र बरोबर आलंय का, आणि अडीअडचणीला फोन कोणाला करायचा, तो नाही उचलला तर दुसरा कोण.

यात चूक होते ती औषधांत. घरच्यांनी दिलेली यादी जुनी असते. इस्पितळातून सुटताना गोळी बदललेली असते आणि पिशवीत जुनी-नवी दोन्ही पाकिटं असतात. एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी आलं, तर ते दोनदा दिलं जातं. म्हणून ब्रँडचं नाव वाचून थांबू नका, पाकिटावर बारीक अक्षरात छापलेलं मूळ औषधाचं नाव जुळवा. जुळत नसेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पहिला डोस देऊ नका.

कवळीवर आणि श्रवणयंत्राच्या डबीवर त्याच दिवशी नाव घाला. एकत्र धुतल्या गेलेल्या दोन कवळ्या ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही.

बोलणं कोंकणीत, आणि तुकड्यातुकड्यांत

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून खरी माहिती गोळा करायची. एका बैठकीत नाही, अर्ध्या-पाऊण तासाच्या दोन-तीन बैठकांत. ऐंशीच्या पुढच्या माणसाला सलग तासभर प्रश्न विचारले की शेवटची दहा उत्तरं 'हय, हय' अशीच येतात.

गोव्यात भाषेचा मुद्दा वरवरचा नाही. अनेक आजी-आजोबा पेपर वाचतात मराठी, हरिपाठ म्हणतात मराठी, पण पोटात कळ आली की बोलतात कोंकणी. ख्रिस्ती घरातले काही वृद्ध रोमी लिपीतलीच कोंकणी वाचतात, आणि पंचाऐंशीच्या पुढच्या काहींचं शिक्षण १९६१ पूर्वीच्या पोर्तुगीज शाळेत झालेलं असतं. न्हाणीच्या दारावर 'स्नानगृह' ही पाटी त्यांच्या उपयोगाची नाही. तिथे चित्र लावा किंवा त्यांना वाचता येईल अशी पाटी लावा. आणि हाताशी असलेल्या काळजीवाहक मुली बऱ्याचदा परराज्यांतल्या असतात, हिंदी बोलतात. म्हणून योजनेच्या पहिल्या पानावर त्या व्यक्तीचे आठ-दहा शब्द, ती उच्चारते तसेच लिहा : 'उदक जाय' (पाणी हवं), 'माका नाका', 'घुंवळ येता', 'दुखता'. समोर हिंदीत अर्थ. 'घुंवळ येता' म्हणजे चक्कर येतेय, हे न कळल्यामुळे माणूस पडतो.

विचारायचं काय? आजाराबद्दल सगळ्यात शेवटी. आधी दिवस विचारा : किती वाजता उठायचात, उठल्यावर पहिलं काय, चहा आधी की आंघोळ, दुपारी पडायची सवय होती का, बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीवर) कोण येऊन बसायचं. मग काम : रापणीवर होते, शाळेत शिकवायचे, कुळागर (सुपारी-नारळाची बाग) बघायचे, बोटीवर होते. चाळीस वर्षं बोटीवर काम केलेला माणूस पहाटे चारला जागा होतो तो निद्रानाशामुळेच असं नाही, त्याच्या अंगात ती पाळी मुरलेली असू शकते. त्याला झोपेची गोळी सुरू करण्याआधी हा प्रश्न विचारलेला बरा. मग श्रद्धा, उपास, कोणाशी पटत नाही, कशाची भीती वाटते, आणि 'आमच्याकडून काय झालेलं तुम्हाला अजिबात चालणार नाही?' या शेवटच्या प्रश्नाची उत्तरं सगळ्यात कामाची असतात.

हाक मारण्याबद्दल आमचं मत ठाम आहे. सरसकट 'अंकल-आंटी' नको, आणि 'बाबू, सोना' तर नकोच. मास्तर, बाई, माई, काकी, नुसतं आडनाव, जे त्यांना आयुष्यभर ऐकायची सवय आहे तेच.

स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) असेल तरी प्रश्न आधी त्यांनाच विचारा, नंतर घरच्यांना. 'त्यांना काही कळत नाही' असं मुलगा म्हणतो तेव्हाही कोणती साडी नेसायची आणि भात हवा की पाव, हे कळत असतं. पर्याय दोनच द्या, वस्तू समोर धरून. डिमेन्शिया झालेल्या माणसात रोगाआधी माणूस पाहा, असं ब्रिटनमध्ये मानसशास्त्रज्ञ टॉम किटवूड यांनी १९९० च्या दशकात मांडलं, त्याचा रोजचा व्यवहार एवढाच.

मोजायचं ते पाहून मोजा

गप्पांइतकीच मापंही लागतात. रोजच्या हालचालींसाठी बार्थेल इंडेक्स वापरा : दहा बाबी, ० ते १०० गुण. तो विचारून भरू नका, पाहून भरा. 'जिना चढता येतो?' याला आजोबा 'हो' म्हणतील, सून 'नाही' म्हणेल, आणि दोन्ही चूक असू शकतं. 'करू शकतात' आणि 'करतात' यात फरक पडत असेल तर तोही नोंदवा, कारण बहुतेक वेळा आपणच घाई करून त्यांचं काम हातातून काढून घेतलेलं असतं.

त्वचेसाठी ब्रेडन स्केल आहे. त्यात ६ ते २३ गुण असतात, आणि १८ किंवा कमी म्हणजे दाबजखमेचा (एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेचा) धोका. मनाच्या स्थितीसाठी १५ प्रश्नांची जेरिॲट्रिक डिप्रेशन स्केल : पाचाच्या वर गुण गेले तर डॉक्टरांना सांगा. स्मरणशक्तीची चाचणी करण्याआधी कानातला मळ आणि चष्मा तपासा. ऐकूच न आलेल्या प्रश्नाचे गुण कापून माणसाला डिमेन्शिया ठरवलं जातं, आणि तो शिक्का मग फाईलवरून सुटत नाही.

वजन महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी, नाश्त्याआधी. एका महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के घट ही धोक्याची खूण. पन्नास किलोच्या बाईंच्या बाबतीत म्हणजे महिन्यात अडीच किलो. साडी सैल दिसेपर्यंत थांबायचं नाही.

आता लिहायला घ्या

उद्दिष्ट त्यांच्या तोंडून आलेलं असावं. 'चालण्यात सुधारणा' हे आपलं उद्दिष्ट. 'चवथीला घरी जाऊन माटोळीखाली बसायचंय' (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या मांडवीखाली) हे त्यांचं. मग उलट हिशेब करा : घराला पायऱ्या किती? पाच. आज किती चढतात? दोन, कठड्याला धरून. चवथीला किती आठवडे आहेत? दहा. म्हणजे फिजिओथेरपिस्टला काय सांगायचं ते आपोआप ठरतं, आणि व्यायामाला उठवताना आजींना सांगायला कारणही असतं.

प्रत्येक नोंदीत पाच गोष्टी याव्यात : काय, कोण, कधी, कशी, आणि नाही जमलं तर काय. एक नोंद जवळून पाहू. समजा, ८२ वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. डावा खांदा आखडलेला, मधुमेह, सौम्य विसराळूपणा. 'स्नानास मदत' याऐवजी असं लिहा :

'बाईंची आंघोळ सकाळी सातला, चहा झाल्यावर. त्याआधी विचारू नये, नाही म्हणतात. न्हाणीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवा. पाणी आधी पायांवर, मग पाठीवर. डोक्यावरून एकदम तांब्या ओतला की घाबरतात. चेहरा, छाती, मांड्या स्वतः धुतात. पाठ आणि पाय आपण. तेवढा वेळ पुढचं अंग झाकायला मोठा पंचा हवा. ब्लाऊज घालताना आधी डावा हात, काढताना आधी उजवा. केस फक्त शुक्रवारी. मदतीला बाईमाणूसच. नको म्हणाल्या तर वीस मिनिटांनी पुन्हा विचारा; तेव्हाही नको म्हणाल्या तर अंग पुसून द्या आणि नोंद करा.'

शंभरेक शब्दांच्या आत सगळं आलं. नव्या मुलीला हे पुरतं. आखडलेली किंवा कमजोर बाजू कपड्यात आधी घालायची आणि शेवटी काढायची, हा नियम खांद्याला आणि पक्षाघाताला सारखाच.

आता याच बाईंच्या फाईलमध्ये दोन निर्दोष वाटणाऱ्या नोंदी आहेत. पहिली, मधुमेहाच्या गोळीची : 'ग्लिमेपिराइड सकाळी साडेसातला, नाश्त्याआधी.' दुसरी : 'देवपूजा केल्याशिवाय काही खात नाहीत.' नोंदी वेगवेगळ्या पानांवर, लिहिणारेही वेगळे. पूजा आटपायला नऊ वाजतात. गोळी पोटात, अन्न नाही. साडेआठच्या सुमारास बाई घामेजतात, हात थरथरतात, चिडतात, आणि नोंदवहीत लिहिलं जातं : 'आज सकाळी वर्तन आक्रमक.' ही साखर उतरल्याची लक्षणं आहेत. ग्लुकोमीटरवर ७० च्या खाली आकडा आला आणि माणूस शुद्धीत असून गिळू शकत असला, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, आकडा वर आला की खायला द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन.

पण खरं काम त्यानंतरचं. पूजा बंद करायची नाही. डॉक्टरांशी बोलून गोळीची वेळ हलवायची आणि योजनेत लिहायचं : 'गोळी पूजेनंतर, ताट समोर आल्यावर.' श्रावणी सोमवार आणि एकादशी या दिवशी गोळी किती, कोणती, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावं. 'उपास करू नका' असं सांगितलं तर आजी 'बरं' म्हणतात आणि उपास करतातच, फक्त आपल्याला न सांगता.

ताटाकडे नीट बघा

गोव्यातल्या वृद्धाला दुपारी शीत-कडी आणि अकराला पेज मिळाली की अर्धं रुसणं कमी होतं. पण पेजेत एक खोड आहे. पातळ पाणी आणि त्यात अख्खी शितं, असं मिश्रण गिळायला सगळ्यात अवघड. ज्यांना ठसका लागतो त्यांना 'हलकं म्हणून पेज' देणं धोक्याचं. पेज घोटून एकसारखी करा, आणि पिणं किती दाट हवं ते गिळण्याच्या तपासणीनंतर ठरवा. खाताना पाठ ताठ, पाय टेकलेले, हनुवटी किंचित खाली. खाल्ल्यावर अर्धा तास आडवं करू नका.

मासळी बंद करायची घाई नको. तारल्यांत बारीक काटे असतात, नजर अधू झालेल्यांना ते चालणार नाहीत. इसवणाची किंवा चणकाची तुकडी काटा काढून, हुमणात कुस्करून देता येते. कोण कोणत्या वारी खात नाही, हे स्वयंपाकघराच्या भिंतीवर नावानिशी लावा. सोमवारी चुकून ताटात आलेलं सुकं गालमो (वाळवलेली बारीक कोळंबी) काही घरांतल्या आजींना आठवडाभर पुरतं.

पाण्याचं माप आश्रमातल्या पेल्यात सांगा. पेला एकदा मापाच्या भांड्याने मोजून ठेवा. तो २०० मिलिलिटरचा निघाला तर दिवसाला सात-आठ पेले म्हणजे साधारण दीड लिटर. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारात डॉक्टर कमी सांगतील, ते वेगळं. शौच तीन दिवस झालं नाही तर नर्सला कळवायचं, हा नियम प्रत्येकाच्या योजनेत असू द्या.

धोका पुसून टाकायचा नसतो

एक आजोबा रोज संध्याकाळी तिंट्यावर (नाक्यावर) जाऊन चहा पितात. वाटेत जांभ्या दगडाच्या पायऱ्या, पावसात शेवाळ. 'पडतील' म्हणून गेट बंद केलं की धोका जातो आणि आजोबाही हळूहळू खाटेला लागतात. त्याऐवजी धोक्याचा वेगळा कागद करा : त्यांना काय हवंय, काय बिघडू शकतं, आपण काय करणार (रबरी टोकाची काठी, मागे पट्टा असलेले सँडल, खिशात नाव-फोनचं कार्ड, परत यायची वेळ), कोणत्या दिवशी जायचं नाही (पाऊस, चक्कर, रक्तदाब कमी), आणि कोणाकोणाला हे सांगितलंय. आजोबांची सही घ्या, घरच्यांना प्रत द्या. तपकीर, विड्याचं पान, रात्रीचा फेणीचा घोट, सगळ्याला हीच पद्धत. फेणी असेल तर झोपेच्या आणि साखरेच्या गोळ्यांशी जुळतं का, ते डॉक्टरांकडून आधी कळू द्या.

खाटेला दोन्ही बाजूंनी कठडे लावणं म्हणजे सुरक्षा, असा समज आहे. गोंधळलेला माणूस कठड्यावरून चढून उतरतो, आणि आणखी उंचावरून पडतो. खाट खाली घ्या, रात्री मंद दिवा ठेवा, झोपण्यापूर्वी आणि पहाटे संडासला नेऊन आणा.

'हांव घरा वतां'

संध्याकाळ झाली की काही जण 'मी घरी जातोय' म्हणत पिशवी घेऊन दारात उभे राहतात. 'हेच तुमचं घर' असं सांगू नका, त्याने वाद वाढतो. आठवडाभर तीन रकान्यांची नोंद ठेवा : आधी काय घडलं, नेमकं काय केलं, नंतर काय झालं. साधारणतः काहीतरी सापडतं. पाळी बदलताना होणारी धावपळ, पाचनंतर न मिळालेला चहा, भरलेलं मूत्राशय, गुडघ्याची कळ. एखादीला तिन्हीसांजेला देवाकडे दिवा लावायची पन्नास वर्षांची सवय असते, आणि इथे तो कोणीतरी दुसरंच लावतं. तिला वात वळायला द्या, बॅटरीवरचा दिवा लावू द्या. एखाद्याला सातची आमोरीची (चर्चमधल्या संध्याप्रार्थनेची) घंटा आणि तेर्स (रोझारीची प्रार्थना) हवं असतं. योजनेत 'संध्याकाळी अस्वस्थ' इतकंच लिहिलं असेल तर गोळी वाढते, दुसरं काही होत नाही.

एक अपवाद पक्का लक्षात ठेवा. कालपर्यंत नीट असलेला माणूस आज अचानक बरळायला लागला, किंवा अचानक मलूल झाला, तर ते 'वय' नव्हे आणि 'डिमेन्शिया वाढला' असंही नव्हे. तो डिलिरियम, म्हणजे शरीरातल्या बिघाडामुळे अचानक उडालेला मेंदूचा गोंधळ, असू शकतो : लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठ, नवीन औषध. त्याच दिवशी डॉक्टर हवेत.

घरी राहणाऱ्यांच्या बाबतीत सांभाळणाऱ्या सुनेची किंवा लेकीची झोपही योजनेत मोजा. घरोघरी जाऊन सांभाळणाऱ्यांना मार्गदर्शन केल्याने त्यांचं मानसिक आरोग्य सुधारतं, हे गोव्यातच झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डिमेन्शियाच्या अभ्यासात दिसलं.

घरच्यांशी बैठक

मुलं आखातात, मुंबईत, इंग्लंडात. बैठकीची वेळ त्यांना विचारून ठरवा : ब्रिटनचं घड्याळ आपल्यामागे उन्हाळ्यात साडेचार, हिवाळ्यात साडेपाच तास असतं. बैठकीत आजी-आजोबा हजर हवेत, आणि पहिली दहा मिनिटं त्यांची. निर्णय कोणाचा, हे आधीच स्पष्ट लिहा. पैसे भरणारा मुलगा हा आपोआप निर्णय घेणारा होत नाही. भावंडांत मतभेद असतील तर संपर्कासाठी एकाच व्यक्तीचं नाव घ्या, पण तेही वृद्ध व्यक्तीला विचारून. आणि कर्मचाऱ्यांनी जमिनीच्या किंवा मृत्युपत्राच्या कागदावर साक्षीदार म्हणून कधीही सही करू नये, कोणी कितीही आर्जव केलं तरी.

कागदपत्रांची छोटी पिशवी फाईलला जोडा : आधार, गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड, पेन्शनरांसाठी नोव्हेंबरातल्या हयातीच्या दाखल्याची आठवण. छळाचा किंवा टाकून दिल्याचा संशय आला तर ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७.

फेरआढावा

पहिला दोन आठवड्यांनी, कारण आल्या-आल्या माणूस जसा असतो तसा तो खरा नसतो. पुढे दर तीन महिन्यांनी. शिवाय पडल्यावर, इस्पितळातून परतल्यावर, वजन घटल्यावर, जवळचं कोणी गेल्यावर, औषध बदलल्यावर लगेच. आढाव्यात जुनी तारीख खोडून नवी घालणं हा फार जुना आजार आहे. निदान एक नोंद बदललेली नसेल तर आढावा झालेलाच नाही, असं धरून चाला. पावसाळ्यापूर्वी जूनच्या आरंभी त्वचेची पानं सगळ्यांचीच बघा : न वाळलेले कपडे, जांघेतली बुरशी, खरूज यांचे दिवस ते.

शेवटचं पान

हे पान तब्येत बरी असताना लिहायचं, आणि एकाच बैठकीत संपवायचा हट्ट नको. 'उद्या खूप आजारी पडलात तर बांबोळीला (सरकारी इस्पितळात) न्यायचं की इथेच ठेवायचं?' असं साधं विचारा. व्हेंटिलेटर, नळीतून अन्न याबद्दल ज्यांचं मत पक्कं आहे त्यांना लिव्हिंग विलची, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवण्याच्या कागदाची, माहिती द्या. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी तिला मान्यता दिली, आणि २४ जानेवारी २०२३ रोजी प्रक्रिया सोपी केली : स्वतःची सही, दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकन. प्रत फाईलमध्ये पहिल्या पानामागे ठेवा, कपाटात कुलूपबंद नको. रात्री दोनला किल्ली सापडत नाही.

मग बारीकसारीक. तोंडात तुळशीपत्र आणि गंगाजल कोणी घालायचं, की पाद्रीबाबना बोलवायचं आणि कोणत्या इगर्जीतून (चर्चमधून). कोणतं भजन, की शांतता. मुलगा येईपर्यंत थांबायचं की नाही. शेवटचं वस्त्र कोणतं आणि ते कोणत्या पेटीत आहे. चष्मा, घड्याळ, रोझारी, पोथी यांची यादी करून दोन सह्यांनिशी कोणाच्या हातात द्यायची. आणि खोलीतल्या दुसऱ्या खाटेवरच्या व्यक्तीला त्याच दिवशी, चादर काढायच्या आधी, कोण जाऊन सांगणार, त्याचं नाव.